चांदीसाठी नाण्यांचे रोल तपासणे

बँकेतून दर्शनी किमतीला नाण्यांचे रोल (ठराविक नाण्यांच्या कागदी गुंडाळ्या) घ्यायचे, त्यांतली चांदीची नाणी वेचून ठेवायची आणि उरलेली पुन्हा बँकेत भरायची, ही अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील नाणेसंग्राहकांची प्रथा. 'कॉइन रोल हंटिंग' या नावाने ती ओळखली जाते. चांदीची जुनी नाणी तेथे आजही दर्शनी किमतीला वैध चलन आहेत. प्रथेचा सारा पाया तोच.

धातू व वर्ष : 1964 पर्यंतचे डाइम (10 सेंट), क्वार्टर (25 सेंट) व हाफ डॉलर यांत 90 टक्के चांदी व 10 टक्के तांबे असे. 12.5 ग्रॅम वजनाच्या हाफ डॉलरात त्यामुळे 11.25 ग्रॅम शुद्ध चांदी येते, डाइममध्ये 2.25 ग्रॅम. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी 23 जुलै 1965 रोजी स्वाक्षरी केलेल्या नाणे कायद्याने डाइम व क्वार्टरमधली चांदी संपली आणि तांब्याच्या गाभ्यावर तांबे-निकेलचे पातळ थर आले. हाफ डॉलरला मात्र 1970 पर्यंत 40 टक्के चांदी ठेवली गेली. ही चांदी सारखी पसरलेली नाही : बाहेरच्या थरांत 80 टक्के, तर गाभ्यात सुमारे 21 टक्के. रोल उघडून नाण्यांच्या कडा ओळीने पाहिल्या, की नव्या नाण्यांची तांबूस रेघ आणि जुन्यांची स्वच्छ पांढरी कड लगेच वेगळी कळते. 40 टक्क्यांचे नाणे मात्र मधल्याच, मळकट करड्या छटेचे असते आणि घाईत निसटते.

'1964 किंवा आधीचे' हा नियम सोयीचा असला, तरी नाण्यावरचे वर्ष आणि ते पाडल्याचे वर्ष यांची गल्लत करू नये. नाणेटंचाईमुळे 1964 हे वर्ष गोठवण्यात आले होते आणि तेच वर्ष असलेली चांदीची नाणी 1966 च्या सुरुवातीच्या महिन्यांपर्यंत पाडली जात होती. उलट बाजूने, 'एस' (सॅन फ्रान्सिस्को टांकसाळ) चिन्हाची 1976 ची काही क्वार्टर व हाफ डॉलर नाणी 40 टक्के चांदीची आहेत, आणि 1992 पासून संग्राहकांसाठी काढलेल्या चांदीच्या प्रूफ (खास चकचकीत पाडलेल्या) संचांतली नाणीही कुणीतरी खर्चून टाकल्याने रोलमध्ये सापडतात.

चांदी चलनातून जाण्याचा प्रश्न : याबाबत मतभेद आहेत. 1960 च्या दशकारंभीच्या टंचाईचा दोष टांकसाळीच्या संचालक ईव्हा ॲडम्स यांच्या काळात मुख्यतः संग्राहकांवर ठेवला गेला. 1965 ते 1967 च्या नाण्यांवर टांकसाळीचे चिन्ह नाही, ते याच भूमिकेतून, संग्राहकांनी ती वेचू नयेत म्हणून. पेयांच्या व इतर विक्रीयंत्रांत अडकून पडणारी चिल्लर हे दुसरे कारण सांगितले जाई. 24 मार्च 1964 रोजी खुल्या झालेल्या केनेडी हाफ डॉलरची गोष्ट निराळी. तो लोकांनी स्मृतिचिन्ह म्हणूनच घरात ठेवला.

वाईट पैसा चांगल्याला हाकलतो हे ग्रेशमचे सूत्र येथे सर्रास लावले जाते. आकडे मात्र थोडे आडवे येतात. वितळवणे फायद्याचे ठरण्यासाठी चांदीचा भाव औंसाला सुमारे 1.38 डॉलरच्या वर जायला हवा होता, आणि सरकारी कोषागार आपल्या साठ्यातून चांदी विकून तो जुलै 1967 पर्यंत 1.29 च्या आसपास रोखून होते. म्हणजे त्याआधीची साठवण भविष्यावर पैज लावणारी होती, प्रत्यक्ष नफ्याची नव्हे. मे 1967 मध्ये वितळवण्यावर घातलेली बंदी मे 1969 मध्ये उठली. मधल्या काळात खुद्द सरकारने फेडरल रिझर्व्ह (अमेरिकेची मध्यवर्ती बँकव्यवस्था) बँकांकडे परत येणारी चांदीची नाणी यंत्राने वेगळी काढली. रोलमध्ये आज चांदीची नाणी इतकी थोडी का उरली, याचे श्रेय नागरिकांइतकेच या सरकारी चाळणीलाही द्यावे लागेल.

अडचणी : रोलमध्ये हाफ डॉलर 20, क्वार्टर 40, डाइम 50. हाफ डॉलरची 500 डॉलरची पेटी म्हणजे 1,000 नाणी, आणि ती बहुधा आगाऊ सांगून मागवावी लागते. तपासलेली नाणी ज्या शाखेतून घेतली तिथेच भरली, तर तीच पुन्हा हाती येतात. म्हणून जाणकार भरण्यासाठी दुसरी बँक धरतात. तिला 'डंप बँक' म्हणतात. ग्राहकांनी हाताने गुंडाळलेले रोल यंत्राच्या रोलपेक्षा पसंत केले जातात, कारण त्यांत कुणाच्या तरी आजोबांची बरणी रिकामी झालेली असू शकते. हाफ डॉलर 2002 ते 2020 या काळात चलनासाठी पाडलाच गेला नाही, फक्त संग्राहकांना विकला गेला. त्यामुळे बँकांतला जुना साठा बंदिस्त राहिला आणि तोच पुनःपुन्हा चाळला गेला. 2020 च्या महासाथीत फेडरल रिझर्व्हने बँकांना नाणी मोजून द्यायला सुरुवात केल्यावर पेट्या मिळणेही अवघड झाले.

पाच सेंटचे नाणे वेगळे पाहावे लागते. निकेल युद्धासाठी हवे असल्याने 1942 च्या ऑक्टोबरपासून 1945 पर्यंत त्यात 35 टक्के चांदी, 56 टक्के तांबे व 9 टक्के मँगॅनीज होते. मागच्या बाजूस माँटिसेलोच्या (राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांचे घर) घुमटावर टांकसाळीचे ठसठशीत अक्षर असते. फिलाडेल्फियाचे 'पी' अमेरिकी नाण्यावर आले ते प्रथम येथेच. पाच सेंटची नाणी वितळवण्यास सध्या असलेल्या मनाईतून ही नाणी वगळलेली आहेत.

इतरत्र : कॅनडाची 1920 ते 1966 ची डाइम व क्वार्टर नाणी 80 टक्के चांदीची असून सीमेलगतच्या राज्यांत ती रोलमध्ये मिसळलेली मिळतात. भारतात बँकेच्या चिल्लरीत असा शोध शक्य नाही. रुपयातली चांदी 1940 मध्ये 50 टक्क्यांवर आली आणि 1947 मध्ये तिची जागा निकेलने घेतली. अमेरिकी चांदीचा हिंदुस्थानाशी संबंध मात्र जुना आहे : 1918 च्या पिटमन कायद्याखाली वितळवलेल्या सुमारे 27 कोटी चांदीच्या डॉलरांपैकी बहुतेकांची चांदी ब्रिटनमार्फत येथील कागदी रुपयाला आधार देण्यासाठी विकली गेली.