उसना रेफरन्स आणि हक्काचा रेफरन्स

सांगलीत बसून पोरांची पायथनची सी एक्स्टेन्शन्स, म्हणजे पायथनला जोडायचे सी भाषेतले भाग, तपासतो. घोळ दरवेळी एकच. रेफरन्स काउंट, म्हणजे एखादं ऑब्जेक्ट किती ठिकाणी धरून ठेवलंय तो आकडा, शून्यावर आला की ऑब्जेक्ट जातं, हे तुम्हाला माहीत असणारच, ते सोडून देऊ.

समजा, हळदीच्या सौद्यातल्या पोत्यांच्या वजनांची लिस्ट आहे आणि सी मध्ये बेरीज करायची आहे. पायलिस्ट_गेटआयटम वजन देतं ते उसनं. काउंट वाढत नाही. बघा, बेरजेत घ्या, विषय संपला. त्यावर पाय_डेकरेफ (काउंट एकानं कमी करणारं) चालवणं म्हणजे शेजारणीकडून आणलेली वाटी भंगारात घालणं. पायसिक्वेन्स_गेटआयटमही तेच वजन देतं, पण हक्काचं, म्हणजे काउंट वाढवून; काम झालं की तो तुम्हीच कमी करायचा. तिथे डेकरेफ विसरलात की मेमरी गळते. नावावरून ओळखायची सोय नाही, डॉक्युमेंटेशन उघडायलाच लागतं.

परवा एकानं उसन्यावर डेकरेफ केला होता. वर म्हणतो, "सर, टेस्ट पास झालीय." होणारच! टेस्टमधली वजनं 40, 50, 60. उणे 5 ते 256 हे पूर्णांक पायथन आधीच बनवून ठेवतं आणि 3.12 पासून ते अमर आहेत, डेकरेफनं त्यांना काही होत नाही. काट्यावरची खरी वजनं ग्रॅममध्ये आली, 50340 वगैरे, आणि प्रोग्रॅम कोसळला. तोही त्या ओळीवर नाही, पुढे लिस्ट मोकळी होताना. दुपार गेली शोधण्यात. टेस्टमध्ये मोठे आकडे घाला रे बाबांनो.

उलट टोकाचे लोक भीतीपोटी दिसेल तिथे काउंट वाढवणारं इन्करेफ टाकतात. मला तेही खपत नाही. मात्र उसनं हातात ठेवून मध्येच पायथनचं फंक्शन बोलावणार असाल, तर आधी पाय_न्यूरेफनं त्याचा हक्काचा रेफरन्स घ्याच. त्या फंक्शननं लिस्टमधला तो घटक बदलला, तर तुमच्या हातात मेलेला पॉइंटर उरतो.

पायलिस्ट_सेटआयटम तुमचा रेफरन्स गिळतं, म्हणजे त्याचा हक्क स्वतःकडे घेतं, पायलिस्ट_अपेंड गिळत नाही. पाठ करा.

3.13 मध्ये पायलिस्ट_गेटआयटमरेफ आलंय, ते हक्काचंच देतं. मी नव्या कोडमध्ये दुसरं काही चालवून घेत नाही. जुन्या पायथनवर असाल तर पायथनसीएपीआय_कॉम्पॅट ही हेडर फाइल जोडा. आणि हा हिशेबच नको असेल तर सायथनमध्ये लिहा, ही पायथनसारखं लिहून सी कोड बनवून देणारी भाषा, हिशेब ती स्वतः ठेवते. सायथन हं, सीपायथन नव्हे. सीपायथन म्हणजे तुम्ही रोज चालवता तो इंटरप्रिटर.