मानसोपचार म्हणजे केवळ बालपणाचा शोध नव्हे
‘मानसोपचार म्हणजे कोचावर पडून वर्षानुवर्षे बालपण उकरत राहणे’ हा समज जुना आहे. तो अगदी निराधारही नाही, कारण १८९०च्या दशकात व्हिएन्नात आकाराला आलेल्या मनोविश्लेषणाचे चित्र साधारण असेच होते. मात्र १९४०च्या दशकात पुढे आलेल्या व्यक्तिकेंद्री पद्धतीत समुपदेशक समोरासमोर बसून, निवाडा न करता, व्यक्तीचा आजचा अनुभव समजून घेतो; १९६०च्या दशकात विकसित झालेली बोधात्मक उपचारपद्धती तर सध्याचे विचार आणि वर्तन तपासते, दोन भेटींच्या मध्ये करायचा गृहपाठ देते आणि बऱ्याचदा काही महिन्यांतच संपते. बालपणाचा विषय तिथेही वर्ज्य नसतो. आपला उपचार यांपैकी कोणत्या प्रकारचा आहे हे पडताळण्यासाठी पहिल्याच भेटीत पद्धत, उद्दिष्ट आणि भेटींची अंदाजे संख्या विचारावी. असे विचारणे मुळीच उद्धटपणाचे नाही.