जॉबच्या आतला एरिया कॅडमध्ये कसा काढायचा (इलेक्ट्रोलेस निकेलच्या ग्राहकांसाठी)

कोटेशन मागवताना बरेच जण कॅडच्या मास प्रॉपर्टीजमधला (जॉबचं वजन, एरिया वगैरे दाखवणारी कमांड) सरफेस एरिया आहे तसा पाठवून देतात. सगळ्या जॉबला आतून-बाहेरून निकेल (वीज न वापरता रसायनांच्या बाथमध्ये चढवलेला थर) करायचं असेल तर तो आकडा चालतो. पण बाहेरून मास्किंग (थर बसू नये म्हणून झाकणं) आणि फक्त बोअरला (आतल्या भोकाला) प्लेटिंग, किंवा बरोबर उलटं, असं काम असेल तर आतला एरिया वेगळा लागतो, कारण बाथमध्ये किती जॉब एकावेळी टाकायचे आणि किती निकेल खर्ची पडणार ते त्यावरच ठरतं आणि रेटही.

उदाहरण घ्या, १०० × ८० × ६० मिमीचा ब्लॉक, लांबीतून २० मिमीचं आरपार भोक. मास प्रॉपर्टीज सांगणार ४३,२५५ चौरस मिमी, म्हणजे ४.३३ चौरस डेसिमीटर. बोअरचा एरिया मात्र फक्त ६,२८३ चौरस मिमी, ०.६३ चौरस डेसिमीटर. फक्त बोअर करायचा असताना पहिला आकडा पाठवला तर कोटेशन जवळपास सातपट एरियावर बनतं, मग फोन येतो की एवढा रेट कसा.

सॉलिडवर्क्समध्ये सोपं आहे. सेक्शन व्ह्यू लावा म्हणजे आतलं दिसतं, मग इव्हॅल्युएटमध्ये मेझर उघडा आणि आतले फेस (पृष्ठभाग) एकेक सिलेक्ट करत जा, टोटल एरिया खाली येतो. सेक्शन व्ह्यू नुसता दिसण्यापुरता असतो त्यामुळे फेसचा एरिया पूर्णच मिळतो, पण खरोखर कट मारून जॉब अर्धा केलात तर फेसही अर्धाच मोजला जाईल. दुसऱ्याकडून आलेल्या स्टेप फाइलमध्ये (वेगवेगळ्या कॅडमध्ये उघडणारा फॉरमॅट) गोल बोअर पुष्कळदा दोन अर्ध्या फेसचा असतो, एकावर क्लिक करून थांबलं की निम्माच एरिया येतो, तेवढं बघा. बाकी सॉफ्टवेअरमध्ये कमांडची नावं वेगळी, रीत हीच.

हायड्रॉलिक मॅनिफोल्डसारखा जॉब असेल, आडवीउभी भोकं एकमेकांत घुसलेली, तर पंचवीस-तीस फेस निवडत बसायचा कंटाळा येतो आणि एखादा सुटतोच. तिथे भोकांची तोंडं सपाट सरफेसनी बंद करायची आणि इंटरसेक्ट कमांडने आतली पोकळी सॉलिड बनवायची, आत पाणी भरून गोठवल्यासारखी. त्या सॉलिडचा एरिया घ्या आणि तोंडांच्या झाकणांचा एरिया वजा करा. कॅल्क्युलेटरवर पाय गुणिले डायमीटर गुणिले लांबी केलं तर जिथे भोकं एकमेकांना छेदतात तिथला एरिया जास्तीचा धरला जातो, या पद्धतीत तो प्रश्न येत नाही.

आता आटे (थ्रेड). इथे सगळ्यात जास्त फरक पडतो आणि कॅड काहीच सांगत नाही. मॉडेलमध्ये थ्रेड बहुतेक कॉस्मेटिक असतो, म्हणजे नुसतं चित्र, आत साधं भोकच. एम१० × १.५ चा (१० मिमी व्यास, १.५ मिमी पिच) टॅप, म्हणजे आट्यांचं भोक, २० मिमी खोल असेल तर ८.५ च्या ड्रिलचा एरिया येतो ५३४ चौरस मिमी, पण प्रत्यक्ष आट्यांचा एरिया ९२० च्या आसपास भरतो. एक-दोन टॅप असतील तर सोडून द्या, पण ब्लॉकवर चाळीस टॅप असतील तर आम्हाला जरूर कळवा. आणि आट्यांवर कोटिंग हवंय की नको तेही लिहा, कारण २५ मायक्रॉन थर दोन्ही फ्लँकवर (आट्याच्या उतरत्या बाजूंवर) बसला की पिच डायमीटर (आट्यांचा मधला व्यास) साधारण ०.१ मिमीने कमी होतो आणि गो गेज (आटे बरोबर आहेत का ते तपासायचा गेज) आत जात नाही. टॅप ओव्हरसाइज मारायचा की आटे मास्क करायचे ते आधी ठरलेलं बरं.

मॉडेल इंचात असेल तर एरियाही चौरस इंचात येतो, १ चौरस इंच म्हणजे ६४५.१६ चौरस मिमी. मिमीतला आकडा भागिले १०,००० केलं की चौरस डेसिमीटर, आमचा सगळा हिशोब त्यातच चालतो.

फाइल पाठवताना ज्या फेसवर प्लेटिंग हवंय त्यांना लाल रंग द्या आणि स्टेप एपी२१४ मध्ये सेव्ह करा, रंग फाइलबरोबर येतो. सोबत पीडीएफ ड्रॉइंग आणि थर किती मायक्रॉन तेवढं टाका, एरिया आम्हीही एकदा ताडून बघतो.