जेफेट प्रीॲम्प आणि साडेचार व्होल्टचा हट्ट

गिटारचा सिग्नल वाढवणारा एका ट्रान्झिस्टरचा बूस्टर न्यूयॉर्कच्या एका कंपनीने साठच्या दशकाच्या अखेरीस बाजारात आणला, आणि घरी गिटारची पेडल बांधणाऱ्यांची पहिली पिढी त्याच्यावर हात बसवत तयार झाली. आजच्या जेफेट प्रीॲम्पचं (ॲम्पच्या आधी सिग्नल वाढवणाऱ्या सर्किटचं) मूळ मात्र सत्तरच्या दशकातल्या एका टेप एकोत, म्हणजे टेपवरून प्रतिध्वनी देणाऱ्या यंत्रात आहे. त्यातला जेफेट (गेट, ड्रेन आणि सोर्स असे तीन पाय असलेला एक ट्रान्झिस्टर) २२ व्होल्टवर चालायचा. एको नको असला तरी आवाजाला येणाऱ्या गोडव्यासाठी गिटारवाले सिग्नल त्यातून न्यायचे.

खरा गोंधळ २००० नंतरचा. हौशी मंडळींनी व्हॉल्व्ह ॲम्पचे आराखडे घेतले, प्रत्येक ट्रायोडच्या (सिग्नल वाढवणाऱ्या व्हॉल्व्हच्या) जागी जेफेट बसवला आणि त्याच्या प्लेटच्या १०० किलोओहम रेझिस्टरऐवजी ड्रेनला तेवढ्याच ओहमचा ट्रिमपॉट, म्हणजे फिरवून बदलता येणारा रेझिस्टर लावला. २५०-३०० व्होल्टचं सर्किट ९ व्होल्टच्या बॅटरीवर आलं. ट्रिमपॉट का, तर जेफेट एकासारखा एक निघत नाही. जे२०१ या जेफेटच्या डेटाशीटमध्येच आयडीएसएस (गेट आणि सोर्स एकाच व्होल्टेजवर असताना वाहणारा करंट) ०.२ ते १ मिलिॲम्पिअर दिलाय, म्हणजे पाचपट फरक. २एन५४५७ या दुसऱ्या जेफेटचा १ ते ५.

इथपर्यंत ठीक. पण त्याबरोबर ‘ड्रेनवर साडेचार व्होल्ट (९ चे निम्मे) आणा’ हा नियम रुजला, आणि तो फारसा कोणी तपासला नाही. एक साधा २एन५४५७ घ्या: पिंच-ऑफ (करंट बंद पडतो ते गेटचं व्होल्टेज) उणे २ व्होल्ट, सोर्सला दीड किलोओहम, सोर्सवर साधारण १ व्होल्ट. फेट नीट चालायला ड्रेन सोर्सपेक्षा आणखी व्होल्टभर वर हवा. म्हणजे सिग्नल खाली २ पर्यंत जाऊ शकतो, वर ९ पर्यंत. मध्य साडेपाचला येतो! साडेचारला ठेवलं तर खालची बाजू आधी कापली जाते. कुणाला तो खरखरीतपणाच आवडतो, त्यांनी खुशाल ठेवावा, पण त्याला ‘योग्य बायस’ (सिग्नल नसतानाचं ठरवलेलं व्होल्टेज) म्हणू नये. शिवाय ट्रिमपॉट फिरवला की गेनही (सिग्नल किती पट वाढतो तेही) बदलतो. म्हणून दुसरा पक्ष सोर्सचा रेझिस्टर बदला म्हणतो, आणि मला तोच पटतो. ड्रेनवर जवळजवळ ९ व्होल्ट दिसले तर मात्र ट्रिमपॉटला हात लावू नका. फेटमधून करंटच जात नाहीये. आधी सोर्सचा जोड पाहा.

गेल्या दशकात मोठ्या उत्पादकांनी बोर्डाच्या छिद्रांत बसणारा लांब पायांचा जे२०१ बंद केला. एक-दोन छोट्या कंपन्या तो अजून बनवतात, पण दाम मोजावा लागतो. मग नाव खोडून जे२०१ छापलेले भलतेच ट्रान्झिस्टर बाजारात फिरू लागले. जुन्या आराखड्यांवर बांधणाऱ्यांची अडचण झाली ती इथे. पर्याय म्हणून जपानी २एसके३०ए लावला तर त्याचं गेट मधल्या पायावर, जे२०१ चं कडेला. ड्रेन-सोर्सची अदलाबदल बहुतेक जेफेट चालवून घेतात, गेटची नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कुठेही मिळणारा बीसी५४७ हा साधा ट्रान्झिस्टर परदेशी आराखड्यातल्या २एन३९०४ च्या जागी बसवताना हाच घोळ होतो: पाय बरोबर उलटे, म्हणून उलटा फिरवून बसवायचा.

अस्सल जे२०१ आता सहज मिळतो तो जेमतेम ३ मिलिमीटरच्या एसएमडी (बोर्डाच्या पृष्ठभागावर चिकटणाऱ्या) रूपात. तो छोट्या ॲडॉप्टर बोर्डावर टाकून जुन्या छिद्रांत बसवतात. बोर्डावर पायांचा क्रम छापलेला असला तरी सोल्डर करण्याआधी मीटरने गेट शोधून घ्यावं. डायोड टेस्टला ते बाकी दोन्ही पायांकडे सारखंच दिसतं.