न आलेल्या रुग्णाची नोंद

रक्तदाब वाढला तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही. रक्तातली साखरही वर्षानुवर्षे गाजावाजा न करता वाढत राहते आणि तोवर डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडं, पायांच्या नसा यांना इजा होत असते. त्रास नाही म्हणून माणूस तपासायला जात नाही, आणि गोळी सुरू झालीच तर ‘आता बरं आहे’ म्हणून मध्येच सोडतो. औषधं जुनी, स्वस्त, खात्रीची. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या अहवालानुसार उच्च रक्तदाबाच्या पाच प्रौढांपैकी जेमतेम एकाचाच रक्तदाब आटोक्यात आहे.

माझ्या मते घोडं पाठपुराव्यात अडतं. आलेल्या रुग्णावर उपचार कुठलाही दवाखाना करतो. ठरल्या तारखेला कोण आलं नाही, हे मात्र नोंदवही ठेवणाऱ्यालाच कळतं. उत्तर कॅलिफोर्नियातील कैसर परमनंटे या आरोग्यसेवेने रक्तदाबाच्या रुग्णांची अशी नोंद ठेवली, उपचाराची एकच सोपी पद्धत ठरवली, दोन औषधांची एकत्रित गोळी वापरली आणि फेरतपासणीला डॉक्टरऐवजी सहायकाकडे येण्याची सोय केली. २००१मध्ये सुमारे ४४ टक्के रुग्णांचा रक्तदाब आटोक्यात होता. २००९मध्ये ८० टक्क्यांचा.

ठरलेल्या पद्धतीचा फायदा साधा आहे. पाच मिनिटं शांत बसवून, हात हृदयाच्या पातळीवर ठेवून, न बोलता रक्तदाब मोजायचा. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही तो १४०/९० किंवा त्याहून जास्त भरला, तर ठरलेलं औषध ठरलेल्या मात्रेत सुरू करायचं. काही आठवड्यांनी पुन्हा मोजायचं. उतरला नसेल तर पुढची पायरी. ‘बघू पुढच्या वेळी’ म्हणत तोच डोस चालू ठेवण्यात फार वर्षं वाया जातात. पायऱ्या लिहिलेल्या असल्या की प्रशिक्षित नर्सही हे काम उत्तम करते आणि डॉक्टरला गुंतागुंतीच्या रुग्णांसाठी वेळ उरतो.

दोन्ही आजार एकाच टेबलावर तपासावेत, याला भक्कम कारण आहे. ब्रिटनमधल्या मधुमेहाच्या मोठ्या अभ्यासात, १९९८च्या निष्कर्षांनुसार, ज्या मधुमेही रुग्णांचा रक्तदाब सरासरी १५४/८७ऐवजी १४४/८२वर ठेवला गेला, त्यांच्यात पक्षाघाताचं प्रमाण ४४ टक्क्यांनी कमी होतं. साखरेवरचा उपचार चालू असताना रक्तदाब मोजायचा राहिला, तर हा फायदा हातचा जातो.

आणि औषधांचा साठा. रुग्ण रजा टाकून येतो आणि गोळ्या संपलेल्या असतात, तेव्हा तो पुढच्या वेळी येईलच असं नाही. प्रकृती स्थिर असलेल्यांना दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्याव्यात. एचबीए१सी ही तपासणीही मागच्या दोन-तीन महिन्यांचीच साखर सांगते, त्यामुळे ती त्याच फेरीत उरकता येते.