शिंग ठरतं उकिरड्यात

वैशाखात बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या गावांमध्ये उकिरडा उपसायला घेतला की खोऱ्याच्या पात्यावर अंगठ्याएवढ्या जाड, पांढऱ्या, अर्धवर्तुळात वळलेल्या अळ्या येऊ लागतात. डोकं तपकिरी, पुढं सहा पाय, दोन्ही कुशींवर श्वास घ्यायच्या छिद्रांचे तपकिरी ठिपके, आणि शेपटाकडचा भाग पोटात भरलेल्या खतामुळं काळपट. बघणारा पहिल्यांदा एकच बोलतो, "हुमणीच हाय की ही!" त्याला दोष देता येत नाही. चिकोडी, रायबाग, निपाणीकडच्या उसाला हुमणीनं इतका त्रास दिलाय की जमिनीतली कुठलीही पांढरी अळी आता गुन्हेगारच ठरते. कन्नड बोलणारा शेजारी तिलाच गोण्णे हुळ म्हणतो आणि त्याच रागानं चिरडतो.

पण शेणखतात सापडणारी ही जाडजूड अळी बहुतेक वेळा हुमणी नसते. हुमणीला जिवंत मुळं लागतात. ती उसाच्या बुडाशी, ओल्या मातीत सापडते. कुजलेल्या खताच्या पोटात वाढणारी, पूर्ण वाढल्यावर ६ ते १० सेंटिमीटर भरणारी ही अळी गेंड्या भुंग्याची. तिला हिरव्या मुळाशी काही देणंघेणं नाही. खड्ड्यात आणखीही एक अळी भेटते, थोडी लहान. ती सपाट जागेवर सोडून बघा. पाय वर करून, पाठीवर झोपून, अंगावरच्या आखूड केसांच्या आधारानं ती सरसर पुढं सरकते. ही फुलांवर बसणाऱ्या भुंगेऱ्यांची अळी. पाठीवर चालणारी अळी खतातच राहू द्यावी. ती तुमचं खत बारीक करण्यापलीकडं काही करत नाही.

गेंड्या भुंगा म्हणजे ऑरिक्टिस ऱ्हायनोसेरॉस. लिनीयसनं १७५८ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं, तेव्हाही त्याच्या डोळ्यांसमोर गेंडाच होता. हा काळा तुकतुकीत भुंगा ३ ते ५ सेंटिमीटर लांब असतो आणि डोक्यावर मागं वळलेलं एकच शिंग मिरवतो. नराचं शिंग लांब, मादीचं आखूड. पण नुसत्या शिंगावरून नर-मादी ओळखायला गेलं तर फसगत होते, कारण खुरटलेल्या नराचं शिंगही आखूडच असतं. खात्री करायची तर उलटा करून शेपूट बघावं. मादीच्या शेपटाला तांबूस केसांचा दाट झुपका असतो.

मादी कुजलेल्या शेणखतात, पालापाचोळ्याच्या ढिगात, वठलेल्या माडाच्या खोडात अंडी घालते. आयुष्यभरात साधारण ५० ते १००. अंडं ३ ते ४ मिलिमीटरचं, पिवळट पांढरं. ८ ते १२ दिवसांत ते फुटतं आणि मग खरं आयुष्य सुरू होतं, म्हणजे खाणं. अळी दोनदा कात टाकते, तीन अवस्थांतून जाते आणि ऊब, ओल, खताचा कस यांवर अवलंबून हा काळ ८० दिवसांपासून २०० दिवसांपर्यंत ताणला जातो.

या खाण्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण शिंगापेक्षा मला हे पोटच जास्त नवलाचं वाटतं. कुजलेलं लाकूड आणि गवताच्या काड्या पचवणं हे सोपं काम नाही. आपल्या जठरात आम्ल असतं. या अळ्यांच्या मधल्या आतड्यात नेमकं उलट, कडक अल्कली असते, सामू १० च्या वर. त्यात काड्यांमधले चिवट पदार्थ सैल होतात. पुढं आतड्याचा एक फुगलेला भाग येतो. तिथं कोट्यवधी जिवाणू हवेविना राहतात, उरलेलं आंबवतात आणि त्यातून अळीला वापरता येतील अशी आम्लं तयार होतात. सोबत मिथेन वायूही सुटतो. गोठ्यातली म्हैस जे काम पोटाच्या पुढच्या कप्प्यात करते, ते ही अळी मागच्या टोकाला उरकते. ज्या चाऱ्यातून म्हशीनं आपला वाटा काढून घेतला, त्याच चाऱ्यातून उरलंसुरलं काढून घेणारी ही दुसरी पंगत. तिच्या लेंड्या चपट्या, दाणेदार असतात. खड्ड्याच्या तळाशी खत भुसभुशीत, एकसारख्या दाण्यांचं झालेलं दिसलं तर त्यात या अळ्यांचाही हात असतो.

पोट भरलं की अळी खाणं थांबवते, आतडं रिकामं करते आणि खताखालच्या घट्ट मातीत किंवा खोडात गुळगुळीत कोठडी करून कोशात जाते. १७ ते २८ दिवसांनी कात फुटते, पण भुंगा लगेच बाहेर येत नाही. कवच अजून मऊ असतं. दोन-तीन आठवडे तो तिथंच पडून राहतो, काळा आणि टणक होतो, मग वाट काढतो. बाहेर आल्यावर त्याची वाढ संपलेली असते. पावसाळ्यात दिव्याखाली छोटा भुंगा दिसला की पोरं "पिल्लू, पिल्लू" म्हणतात. भुंग्याला पिल्लू नसतं. लहान भुंगा म्हणजे लहानपणी उपाशी राहिलेला मोठा माणूस.

शिंगाचं गणित इथंच आहे. भुंगा झाल्यावर त्याने कितीही खाल्लं तरी शिंग वाढत नाही. अळीपणी किती आणि कसं खायला मिळालं, त्यावर ते ठरून जातं. जपानमध्ये पोरं आवडीनं पाळतात त्या काबुतोमुशी नावाच्या शिंगवाल्या भुंग्यावर डग्लस एम्लेन आणि सहकाऱ्यांनी प्रयोग केला आणि तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. अळी कोशात जाण्याच्या तोंडावर तिच्या पेशींना मिळणारा इन्सुलिनचा संदेश त्यांनी अडवला. पंख जेमतेम २ टक्क्यांनी कमी भरले, जननेंद्रियांना धक्काही लागला नाही, शिंग मात्र सुमारे १६ टक्क्यांनी आखूड झालं. शरीराच्या बाकीच्या भागांपेक्षा शिंगाच्या पेशी पोषणाचा निरोप जास्त कान देऊन ऐकतात, असा त्याचा अर्थ. चांगलं पोसलेल्या नराचं शिंग अवाच्या सवा वाढतं, अर्धपोटी राहिलेल्याचं नुसतं टेंगूळ उरतं. म्हणून शिंग ही खोटं न बोलणारी पाटी आहे. समोरच्या नराला ती वाचता येते आणि बऱ्याचदा झटापट होण्याआधीच एक जण माघार घेतो.

आणि झटापट होते ती नरा-नरांची, मादीसाठी. काबुतोमुशी समोरच्याच्या अंगाखाली शिंग घालतो, उचलतो आणि झाडावरून खाली फेकतो. माणसाला या शिंगानं काहीही होत नाही. ते टोचत नाही, त्यात विष नाही, भुंगा चावतही नाही. हातात धरला तर पायांवरचे काटे तेवढे बोचतात, आणि तो पोटाचा शेवट पंखांच्या कवचावर घासून चिरचिर आवाज काढतो. त्या आवाजानं दचकून आपणच त्याला टाकून देतो. तो आवाजही त्यासाठीच.

या भुंग्यांच्या ताकदीविषयी मोबाईलवर फिरणारा मजकूर थोडा झाडून घेतला पाहिजे. वजनाच्या ८५० पट उचलतो, हा आकडा सगळीकडं आढळतो. रॉजर क्रॅम यांनी १९९६ मध्ये अमेरिकेतल्या एका शिंगवाल्या भुंग्याच्या पाठीवर खरोखर ओझं ठेवून मोजलं. वजनाच्या ३० पट ओझं घेऊन तो चालत राहिला. १०० पटीला मात्र जेमतेम पाय उचलत होता. ३० पट हेही थोडं नव्हे. त्यातही क्रॅम यांना आश्चर्य वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं: एवढ्या ओझ्याला जितकी ऊर्जा लागायला हवी होती, त्याहून फारच कमी खर्च होत होती. ओढण्यात सगळ्यांत पुढं आहे तो युरोपातला ऑन्थोफेगस टॉरस हा शिंगवाला शेणकिडा. २०१० मध्ये केलेल्या मोजणीत त्याने स्वतःच्या वजनाच्या ११४१ पट भार ओढला. त्याचे भाऊबंद आपल्याकडंही गाईगुरांच्या शेणाखाली बोगदे काढत असतात.

मृगाच्या पावसात बेळगावातल्या शहापूर, वडगाव, टिळकवाडीच्या रस्त्यांवर संध्याकाळी दिव्याभोवती घरघर करत येणारा भुंगा ट्यूबलाइटवर, भिंतीवर, माणसाच्या कपाळावर आपटतो आणि पुन्हा उडतो. इतकं आपटून पंख फाटत कसे नाहीत? वरचे काळे पंख नुसते झाकण. उडायचे पातळ पंख त्याखाली घडी घालून ठेवलेले असतात. दक्षिण कोरियातल्या फान आणि पार्क या संशोधकांनी काबुतोमुशीच्या उडण्याचं जलद चित्रण करून २०२० मध्ये दाखवलं, की अडथळ्यावर आपटताच पंखाचं टोक घडीच्या रेषेवरच दुमडतं, धक्का सोसतं आणि पुढच्याच फटकाऱ्यात पुन्हा उलगडतं. शिंगाचं ओझंही उडताना आड येत नाही. आतून ते पोकळ आणि कोरडं असल्यामुळं वजनाला नगण्य असतं. पिंगळ्यांना मात्र हे दिवे म्हणजे मेजवानीच. सकाळी खांबाखाली शिंगं आणि कवचं विखुरलेली दिसतात.

इथवर भुंग्याची बाजू झाली. आता माडाची.

गेंड्या भुंगा मोठेपणी कुजकं खात नाही. रात्री तो माडाच्या शेंड्यात, झावळीच्या बेचक्यातून आत घुसतो आणि न उमललेल्या कोंबाला भोक पाडतो. गाभा चघळून रस पितो आणि चोथा भोकाबाहेर ढकलतो. हा ओला चोथा दिसला की भुंगा आतच आहे असं समजावं. पुढं महिना-दोन महिन्यांनी झावळी उमलते तेव्हा दोन्ही बाजूंची पानं त्रिकोणी कापलेली दिसतात. गणपतीच्या आराशीसाठी घडी घालून कापलेला पताकेचा कागद उलगडला की एका कापाची जशी नक्षी होते, तसंच हे. भोक एकच, पण ते पडलं तेव्हा सगळी पानं घडीत होती. त्यामुळं कापलेली झावळी बघून शेंड्यात भुंगा शोधण्यात अर्थ नाही, तो केव्हाच निघून गेलेला असतो. मोठा माड हे सोसतो. पोय, म्हणजे फुलोरा, कापली गेली तर नारळ कमी लागतात, एवढंच. कोवळ्या रोपाचा मात्र वाढीचा डोळाच खाल्ला गेला तर ते मरतं. आणि मोठ्या माडालाही खरा धोका पाठीमागून येतो: भुंग्यानं केलेल्या जखमेत सोंड्या भुंगा अंडी घालतो, त्याच्या अळ्या खोड आतून पोखरतात आणि बाहेर काही कळायच्या आत झाड जातं.

हा किडा आपल्या मूळ मुलखात राहतो तेव्हा एवढा बेताचा, आणि बाहेर गेला की केवढा उच्छाद करतो, ते प्रशांत महासागरातल्या बेटांनी भोगलंय. १९०९ मध्ये श्रीलंकेहून रबराच्या रोपांबरोबर तो सामोआला पोचला. तिथं त्याला रोखणारं काही नव्हतं आणि माड हाच तिथल्या माणसांचा संसार होता. कित्येक दशकं हाल झाल्यावर १९६३ मध्ये ॲलॉइस हुगर या जर्मन शास्त्रज्ञाला मलेशियात आजारी अळ्या सापडल्या आणि त्यांच्यात एक विषाणू निघाला. १९६७ मध्ये तो सामोआत सोडला. या विषाणूची खुबी अशी, की तो भुंग्याला लगेच मारत नाही. आजारी भुंगा खाणं कमी करतो, मादी अंडी घालेनाशी होते, पण हिंडत राहतो आणि विष्ठेतून रोग खड्ड्याखड्ड्यात पोचवतो. लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावरही १९८० च्या दशकात हाच उपाय लागू पडला. पुढं २००७ मध्ये ग्वाम बेटावर जुन्या विषाणूला दाद न देणारा भुंगा निघाला आणि २०१३ मध्ये तो हवाईत दिसला. तिथलं भांडण अजून चालूच आहे.

आपल्याकडं चार माडांच्या परसाला विषाणूची गरज नाही. लोखंडी आकडीनं भोकातला भुंगा ओढून काढता येतो. वरच्या दोन-तीन बेचक्यांत निंबोळी पेंड आणि वाळू सारख्या प्रमाणात भरली, किंवा डांबराच्या गोळ्या ठेवून वर वाळू टाकली, तर तो फिरकत नाही. पण माझ्या मते माडावर चढण्याआधी खड्ड्याकडं बघावं. वैशाखात उकिरडा तळापर्यंत उपसावा, अर्धा वर्षभर तसाच ठेवू नये. उघड्या पडलेल्या मोठ्या अळ्यांचा कावळे, बगळे आणि कोंबड्या दिवसभरात निकाल लावतात. ज्यांचा खड्डा पावसाळ्यातही भरलेला असतो त्यांनी खतात मेटारायझियम ही हिरवी बुरशी मिसळावी. ती अळीच्या कातडीवर रुजते आणि तिला आतून खाते.

कामगंध सापळाही मिळतो. नर स्वतः सोडतो तोच वास, इथाइल ४-मिथाइलऑक्टॅनोएट, १९९५ मध्ये ओळखला गेला आणि आता पुडीत मिळतो. हा वास नर आणि मादी दोघांनाही ओढतो, म्हणूनच तो एकट्यानं आपल्या माडाला बांधणं शहाणपणाचं नाही: गल्लीतले सगळे भुंगे तुमच्याकडं येतील आणि त्यातले काही बादलीत पडण्याऐवजी शेंड्यात जातील. सापळा झाडांपासून दूर लावावा आणि शेजाऱ्यांनी मिळून लावावा. त्याच बैठकीत वादळात पडलेल्या त्या माडाचाही विषय काढावा, जो कुणाच्या तरी रिकाम्या प्लॉटवर वर्षानुवर्षं कुजत पडलाय. त्याचे तुकडे करून जाळले किंवा चिरून वाळवले, तर पुढच्या पावसात गल्लीतल्या दिव्यांवर आपटणारे भुंगे निश्चित कमी होतील; फक्त त्या प्लॉटचा मालक पुण्यात असतो.