पासंग (दुर्बिणीच्या माउंटचा)

इक्वेटोरियल माउंटवर (आकाशाच्या फिरण्याबरोबर दुर्बीण फिरवणारी बैठक) एका बाजूला दुर्बीण न् कॅमेरा, उलट बाजूच्या दांडीवर सरकवायची लोखंडी वजनं; त्यांना सगळे काउंटरवेटच म्हणतात, पुस्तकी मराठीत प्रतिभार. इथे पासंग शब्द घेतलाय, तो तराजूचा. पारड्यांतला मूळचा फरक म्हणजे पासंग, आणि तो काढायला बांधलेला दगडही पासंगच. शब्द फारसी, संग म्हणजे दगड, आधीचा भाग पा की पार यावर मतं वेगळी आहेत. कापूस घालताना काट्यात किती पासंग खाल्ला हे विदर्भात कोणाला शिकवावं लागत नाही.

ध्रुवाकडे आस रोखलेल्या माउंटचा मूळपुरुष कोण हा वाद जुनाच. १२७० च्या दशकात चीनमध्ये खगोलज्ञ गुओ शोउजिंगने केलेलं वेधयंत्र काहीजण पहिलं धरतात, पण त्यावर दुर्बीण नव्हती. दुर्बिणीपुरतं बोलायचं तर जर्मन जेसुइट शायनरने १६३० च्या आसपास सूर्याचे डाग बघायला अशी बैठक वापरली, कल्पनेचं श्रेय त्याच्याच पंथातल्या ग्रीनबर्गरला देतात. आजची वजनवाली, जर्मन म्हणतात ती रचना मात्र भिंगं बनवणाऱ्या फ्राउनहोफरची धरणं बरं, १८२४ मध्ये दोर्पातला (आताचं तार्तू, एस्टोनिया) गेलेली त्याची २४ सेंमी भिंगाची दुर्बीण हा तिचा ठळक नमुना.

हिशोब कावडीचाच, वजन गुणिले अंतर. ७ किलोचा दुर्बीण-कॅमेऱ्याचा सेट आसापासून २० सेंमीवर असला तर ५ किलोचं वजन २८ सेंमीवर लागते, किंवा १० किलोचं १४ वर. दुसरं बरं, कारण जडत्वात अंतराचा वर्ग येतो, म्हणून त्या वजनाचं जडत्व निम्मंच होते आणि वारा आला की हेलकावा लवकर थांबते. उचलायला जड, तो भाग वेगळा.

आकाश सेकंदाला १५ विकलांनी (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकते, आणि ६०० मिमी फोकल लेंथच्या दुर्बिणीवर ३.७६ मायक्रॉनचा पिक्सेल जेमतेम १.३ विकलांचा, म्हणजे दात्यांमधली ढिलाईसुद्धा फोटोत दिसते. म्हणून गिअरवाल्या माउंटवर पूर्वेची बाजू किंचित जड ठेवतात, मोटर सतत ओढत राहते न् दाते एकाच अंगाला टेकून राहतात. हाच खरा पासंग. मध्यमंडल (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडून माउंट पलटला की पूर्वेला वजनांऐवजी दुर्बीण येते, तेव्हा वजन थोडं आत घ्यायचं, हे रात्री दोन वाजता हमखास विसरते. बेल्टवाल्या माउंटवर बरोब्बर तोल पुरतो असंही मत आहे आणि ते पटण्यासारखं आहे. हार्मोनिक माउंटला (लवचिक दात्यांच्या गिअरचा) बहुतेकदा वजनच लागत नाही.

डेक्लिनेशनचा (दुसऱ्या, उत्तर-दक्षिण फिरवणाऱ्या आसाचा) तोल नळी पुढेमागे सरकवून, कॅमेरा फोकसवर असताना.

विदर्भात अक्षांश २०-२१ अंश, त्यामुळे आस बराच आडवा पडतो आणि काही माउंटवर वजन ट्रायपॉडच्या पायाला घासते. पेंचला २०२४ मध्ये डार्क स्काय पार्क जाहीर झाल्यापासून तिकडे बरेच सेट दिसतात, बाकी मग वावराच्या धुऱ्यावर. काळी माती रात्रभरात पाय खाऊन टाकते, खाली फरशीचे तुकडे ठेवा. वजन कमी पडलं तर लोक जिमची प्लेट घालतात, भोक मोठं असते म्हणून लेथवाल्याकडून बुश (भोकात बसणारी कडी) करून घ्यायचा. आधी वजन चढवायचं मग दुर्बीण, उतरवताना उलट, आणि दांडीच्या टोकाचा स्क्रू काढून ठेवायचा नाही, चप्पल घालून उभे असता तुम्ही.